दोन्हीवर ६५ वॉट लिहिलंय, मग लॅपटॉप एकानेच का चार्ज होतो?

लॅपटॉपचा चार्जर गेला की घरात पहिला विचार हाच येतो, अरे मोबाईलचा चार्जर पण ६५ वॉटचाच आहे, टोक पण तेच टाईप सी, लावून बघू, कशाला नवीन चार्जरला पैसे घालायचे. विचारात वावगं काही नाही. पण लावल्यावर बहुतेक वेळा एकतर लॅपटॉप ढिम्म बसून राहतो, नाहीतर चार्जिंगचं चिन्ह येतं पण विंडोज 'स्लो चार्जर' असं काहीतरी दाखवतं आणि काम करता करता बॅटरीचे टक्के वाढायच्या ऐवजी उतरायला लागतात. मग वाटतं पोर्टच गेलं, मदरबोर्डचा प्रॉब्लेम आहे, आणि लोक लॅपटॉप घेऊन रिपेअरवाल्याकडे पळतात. पोर्टला काहीही झालेलं नसतं. मोबाईलचे ६५ वॉट आणि लॅपटॉपचे ६५ वॉट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चार्जर घ्यायच्या आधी हा फरक कळला तर पैसे आणि हेलपाटे दोन्ही वाचतात.

वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे शाळेत झालेलं असतं. आता हातात दोन्ही चार्जर घ्या आणि त्यांच्या अंगावर बारीक अक्षरात आउटपुटची जी ओळ छापलेली असते ती वाचा, चष्मा लागला तर लावा किंवा मोबाईलने फोटो काढून झूम करा. ओप्पो, वनप्लस, रिअलमीच्या ६५ वॉटवाल्या चार्जरवर साधारण १० व्होल्ट ६.५ अँपिअर असं दिसतं. लॅपटॉपच्या ६५ वॉटच्या टाईप सी चार्जरवर ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या ओळी असतात आणि शेवटची ओळ असते २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. १० गुणिले ६.५ पण ६५ आणि २० गुणिले ३.२५ पण ६५. गुणाकार सारखा आला म्हणून खोक्यावर एकच आकडा मोठ्या अक्षरात छापता येतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

मोबाईलला १० व्होल्ट का पुरतात तर त्याच्या बॅटरीत एक नाहीतर दोन सेल असतात, एका सेलचे चार-साडेचार व्होल्ट धरले तरी १० व्होल्ट भरपूर झाले. शिवाय या कंपन्यांची पद्धतच अशी आहे की व्होल्टेज कमी ठेवायचं आणि करंट जास्त सोडायचा, म्हणजे व्होल्टेज उतरवायचं काम फोनच्या आत कमी होतं आणि फोन कमी तापतो. लॅपटॉपच्या बॅटरीत बहुतेक तीन किंवा चार सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे बॅटरीच अकरा ते सतरा व्होल्टच्या आसपास असते, तिच्यात वीज भरायची तर बाहेरून त्याहून जास्त व्होल्टेज यायला हवं. म्हणून लॅपटॉप २० व्होल्ट मागतो. मॅकबुकसारखे काही लॅपटॉप कमी व्होल्टेज पण आत वाढवून घेतात आणि रात्रभर हळूहळू का होईना चार्ज होतात, पण बरेच विंडोज लॅपटॉप ५ किंवा ९ व्होल्टला हातच लावत नाहीत.

बरं नुसतं व्होल्टेज जुळलं म्हणजे झालं असंही नाही, दोघांना एकमेकांची भाषा कळावी लागते. लॅपटॉपवाल्या चार्जरची भाषा म्हणजे पीडी, पॉवर डिलिव्हरी. पीडी चार्जर लावल्या लावल्या २० व्होल्ट सोडत नाही, आधी फक्त ५ व्होल्ट देतो, मग टाईप सीच्या एका वेगळ्या बारीक तारेवरून लॅपटॉपला सांगतो की माझ्याकडे ५, ९, १५, २० असं सगळं आहे, लॅपटॉप त्यातलं हवं ते मागतो आणि मग चार्जर व्होल्टेज चढवतो, हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. मोबाईल कंपन्यांच्या व्हूक, डार्ट वगैरे भाषा त्यांच्या स्वतःच्या आहेत, त्या लॅपटॉपला येत नाहीत. बोलणंच झालं नाही की चार्जर ५ व्होल्टवर थांबून राहतो. यातली चांगली गोष्ट अशी की त्यामुळे लॅपटॉप जळत नाही, फक्त चार्ज होत नाही.

एक सोपी खूण सांगतो. मोबाईलच्या चार्जरचं तोंड जुन्या चौकोनी यूएसबीचं, म्हणजे टाईप ए असेल, तर लॅपटॉपसाठी तो विषय बंद करा. पीडीचं बोलणं ज्या तारेवरून होतं ती तारच टाईप एमध्ये नसते, त्यामुळे केबलचं दुसरं टोक सी असलं तरी उपयोग नाही. चार्जरलाच टाईप सीचं तोंड असेल तर आशा आहे, पण खात्री नाही, तिथे २० व्होल्टची ओळ शोधायची. वनप्लस ८टी बरोबर २०२० मध्ये जो ६५ वॉटचा चार्जर आला त्याचं तोंड टाईप सी होतं आणि तो स्वतःच्या फोनला ६५ वॉट द्यायचा पण पीडीवर ४५ वॉटपर्यंतच. म्हणजे तोच चार्जर फोनसाठी ६५चा आणि लॅपटॉपसाठी ४५चा. साधं टायपिंग, ब्राउझर, व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल तर ४५ वॉटवर पण बऱ्याच लॅपटॉपचं भागतं, त्यामुळे असा चार्जर घरात असेल तर नवीन येईपर्यंत बिनधास्त वापरा.

आता केबल. इथे लोक चार्जरपेक्षा जास्त फसतात, कारण चार्जरवर निदान काहीतरी छापलेलं असतं, केबलवर बऱ्याचदा काहीच नसतं. सी टू सी केबल दिसायला सगळ्या सारख्या, पण चार्जिंगच्या हिशोबाने त्यांचे दोन प्रकार. साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टवर जास्तीत जास्त ६० वॉट. दुसरी ५ अँपिअरची, तिच्या टोकात ई-मार्कर नावाची छोटी चिप असते आणि ती चार्जरला सांगते की मी ५ अँपिअर झेलू शकते. ही चिप दिसली नाही तर चार्जर कितीही मोठा असो, १०० वॉटचा असो, तो स्वतःहून ३ अँपिअरवर थांबतो, आणि थांबायलाच पाहिजे, नाहीतर बारीक तार तापेल.

आता ६५ वॉटचा हिशोब परत बघा. २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. तीनच्या वर पाव अँपिअर. म्हणजे सुटा ६५ वॉटचा चार्जर घेतला आणि फोनबरोबर आलेली साधी सी टू सी केबल लावली तर ६५ मिळणारच नाहीत, ६० वरच अडणार. पाच वॉटने तसा मोठा फरक पडत नाही, पण काही लॅपटॉप एवढ्यावरून पण कमी वॉटचा चार्जर आहे म्हणून तक्रार दाखवतात आणि आपण चार्जर खराब म्हणून परत करायला निघतो. कंपनीच्या ज्या चार्जरला केबल कायमची जोडलेली असते तिथे ही भानगड नसते, कारण त्या केबलची क्षमता चार्जर बनवणाऱ्याला आधीच माहीत असते. सुटी केबल घेताना मात्र १०० किंवा २४० वॉट लिहिलेलीच घ्या, किमतीत फरक फार नसतो. २४० वॉटची केबल ६५च्या चार्जरला लावली तरी काही बिघडत नाही. २४० हा आकडा २०२१ मध्ये आलेल्या पीडीच्या ३.१ या आवृत्तीतला आहे, त्यात २० व्होल्टच्या वर २८, ३६ आणि ४८ व्होल्ट आले, ४८ गुणिले ५ म्हणून २४०.

केबलबद्दल अजून एक गैरसमज, महाग केबल म्हणजे सगळं चालणार. नाही चालत. चार्जिंगची २४० वॉटची केबल डेटासाठी यूएसबी २ च्या वेगाची, म्हणजे ४८० मेगाबिटची असू शकते, ॲपलची स्वतःची २४० वॉटची चार्जिंग केबल पण अशीच आहे. तिच्यावर लॅपटॉप मस्त चार्ज होईल पण बाहेरचा मॉनिटर लागणार नाही. दोन्ही एकाच केबलने करायचं असेल तर थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ची केबल बघा, नुसतं चार्जिंगच करायचं असेल तर तेवढे पैसे घालायची अजिबात गरज नाही.

आणि रस्त्यावरच्या ढिगातली बिननावाची केबल लॅपटॉपला लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. गुगलचे इंजिनिअर बेन्सन लियुंग २०१५ पासून टाईप सी केबल विकत घेऊन तपासून त्याबद्दल लिहायचे. २०१६ मध्ये अशाच एका केबलने त्यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉप निकामी केला, आत प्लस आणि ग्राउंडच्या तारा उलट्या जोडलेल्या होत्या. चार्जर शहाणा असून उपयोग काय, मधली तारच उलटी असेल तर.

दोन पोर्टवाले चार्जर घेताना पण बघून घ्या. ६५ वॉट हे एकच पोर्ट वापरलं तर असतं, दुसऱ्यात फोन लावला की वाटणी होते, लॅपटॉपला ४५ आणि फोनला वीसच्या आसपास किंवा असंच काहीतरी. फोन आणि लॅपटॉप एकदम लावायची सवय असेल तर सरळ १०० वॉटचा घ्या. जास्त वॉटच्या चार्जरने लॅपटॉप जळतो ही भीती काढून टाका, लॅपटॉप मागतो तेवढंच घेतो.

हे सगळं झालं टाईप सीचं. गोल पिनचा लॅपटॉप असेल तर मात्र डबल सावध, कारण तिथे आधी बोलून मग व्होल्टेज चढवायचा प्रकारच नसतो, अडॅप्टर प्लगमध्ये लावला की पिनेवर पूर्ण व्होल्टेज तयार. तिथे पण ६५ वॉटचे किती प्रकार बघा, एसरचा १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर, एचपीच्या निळ्या बारीक पिनेचा १९.५ व्होल्ट ३.३३, एचपीच्याच जुन्या जाड पिनेचा १८.५ व्होल्ट ३.५, लेनोव्होचा २० व्होल्ट ३.२५. चारही ६५च. पिनेचा चार्जर घेताना व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, पिनेचं माप तेच, आणि प्लस आत आहे का बाहेर ते लेबलवरच्या गोलाच्या चिन्हावरून जुळवायचं. प्रिंटरचा किंवा राऊटरचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावून बघणं म्हणजे मदरबोर्ड पणाला लावणं आहे. डेल आणि एचपीच्या पिनेत मधोमध एक बारीक सुई असते, चार्जर कंपनीचा आहे का आणि किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला तिच्यावरून कळतं. ती सुई वाकली किंवा स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये आतली चिपच नसली, तर डेल लॅपटॉप चालू होतो पण अडॅप्टर ओळखता आला नाही असा मेसेज देतो, बॅटरी चार्ज करत नाही आणि स्पीड पण कमी करून टाकतो. लोक बॅटरी बदलतात, दोष पिनेत असतो.

दुकानात, मग ते पुण्यात तपकीर गल्लीत असो का मुंबईत लॅमिंग्टन रोडला, "६५ वॉटचा टाईप सी द्या" एवढंच म्हणू नका. "पीडीचा, २० व्होल्ट सव्वातीन अँपिअरचा द्या" म्हणा आणि लेबल स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. लॅपटॉपला किती लागतं ते त्याच्या खालच्या बाजूला छापलेलं असतं, तो फोटो मोबाईलमध्ये ठेवा. लेबलवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १३२५२ हा मानकाचा आकडा आणि आर ने सुरू होणारा नंबर बघा, बीआयएस केअर ॲपमध्ये तो आर चा नंबर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते तिथल्या तिथे दिसतं. कंटाळा करू नका, कारण चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि आपल्या हाताला लागणारी बाजू यांच्यामध्ये जे अंतर आणि इन्सुलेशन लागतं त्यातच फर्स्ट कॉपीवाले पैसे वाचवतात. आणि हो, नवीन छोटे चार्जर बरेचसे दोन पिनांचे असतात, त्यावर धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला हात लावला की कधीकधी हलक्या झिणझिण्या जाणवतात. चांगल्या चार्जरमध्ये तो फिल्टरमधून येणारा अगदी थोडा करंट असतो, पण त्रास होत असेल तर अर्थिंगवाला तीन पिनांचा चार्जर घ्या, आणि झटका म्हणावा इतकं जाणवलं तर तो चार्जर त्याच क्षणी काढा आणि परत लावू नका.

उलटं विचाराल, लॅपटॉपचा पीडी चार्जर फोनला लावला तर? लावा खुशाल. आयफोन, पिक्सेल, सॅमसंग पीडीच बोलतात त्यामुळे ते त्यांच्या चांगल्या वेगाने चार्ज होतात. ओप्पो-वनप्लसचा फोन पण चार्ज होईल, फक्त डब्यावर लिहिलेला वेग मिळेलच असं नाही. युरोपियन युनियनमध्ये २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपला पण टाईप सी चार्जिंग सक्तीचं केलंय, त्यामुळे कंपन्या इकडेच वळणार हे दिसतंय. म्हणून आज एकच चार्जर घ्यायचा असेल तर मी १०० वॉटचा पीडी चार्जर आणि ५ अँपिअरची केबल घ्यायला सांगेन, घरातले फोन, टॅब आणि टाईप सीवर चार्ज होणारा लॅपटॉप, सगळं त्यावर निघतं. फक्त त्याआधी लॅपटॉपच्या टाईप सी पोर्टशेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह आहे का ते बघा, नाहीतर मॉडेलच्या माहितीत त्या पोर्टपुढे पॉवर डिलिव्हरी लिहिलंय का ते शोधा, कारण स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपचं सी पोर्ट फक्त डेटासाठी असतं आणि त्यांना अजूनही पिनेचाच चार्जर लागतो.