घरगुती जैवइंधन (कोल्हापूर परिसर)

शेण, उसाचे चिपाड, पाचट, काटक्या यांपासून घरच्या घरी तयार होणारे आणि बहुतांशी घरीच जळणारे इंधन. कोल्हापूरची थंडी बेताचीच, त्यामुळे खोल्या उबदार ठेवण्याची वेगळी सोय इथे कुणी करत नाही. ऊब लागते ती अंघोळीच्या पाण्याला, बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीला आणि पावसाळ्यात न वाळणाऱ्या कपड्यांना. स्वयंपाक सिलिंडरवर गेलेल्या कितीतरी घरांत न्हाणीतला जाळ अजून गोठ्याच्या आणि शेताच्या जिवावर चालतो.

यांत पहिला मान शेणींचा (इतरत्र गोवऱ्या). १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघामुळे, म्हणजे ‘गोकुळ’मुळे, दुभती जनावरे घरोघरी टिकली आणि शेणाचा तुटवडा कधी पडला नाही. शेणी लावण्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि वळवाचा पाऊस येईपर्यंत चालतो. गोठ्यातले शेण घमेल्यात गोळा करून त्यात भाताचे भुसकट, वैरणीचा उरलेला चुरा किंवा चिपाडाचा भुगा मिसळतात. नुसत्या शेणाची शेणी वाळताना तडकते आणि उचलताना मोडते. भुसकट तिला धरून ठेवते. मिश्रण पायाने तुडवून एकजीव झाले की पाण्याचा हात लावून गोळा जमिनीवर थापायचा. शेणीवर बोटे उमटलेली दिसतात ती यामुळेच. दोन-तीन दिवसांनी वरची बाजू कडक झाली की शेणी उलटतात, मग एकमेकींना टेकवून उभ्या करतात.

खरे कसब साठवणीत आहे. वाळलेल्या शेणी गोलाकार रचून हुडवा घालतात. खाली दगड किंवा काटक्यांचा थर देतात, नाहीतर ओल आणि वाळवी खालूनच शिरते. बाहेरून शेणाचा लेप आणि वर उसाचा पाला. हल्ली पाल्याच्या जागी प्लास्टिकचा कागद. बुडाशी एका बाजूला तोंड ठेवून लागतील तशा शेणी काढायच्या. नीट लिंपलेला हुडवा पन्हाळा-राधानगरीकडच्या पावसातही आतून कोरडा राहतो. हे सगळे काम बायकांचे, आणि त्याची मजुरी घरच्या हिशोबात कुणी धरत नाही.

शेणी भडकत नाही, धुमसते. भाकरीला तेवढा जाळ पुरत नाही म्हणून चुलीत तिच्या जोडीला लाकूड लागते. पण तासभर मंद आच हवी असेल तर तिच्यासारखे दुसरे जळण नाही. न्हाणीतला तांब्याचा बंब याच कामाचा: मधून नळकांडे, त्याच्या बुडाशी जाळ आणि भोवती पाणी. विस्तव धरायला चिपाड किंवा नारळाची शेंडी, वर शेणीचे तुकडे. शेगडीत ओवा, वावडिंग टाकून बाळाला धुरी देतात ती शेणीच्याच निखाऱ्यावर. राख भांडी घासायला आणि कडधान्य टिकवायला कामी येते. शेणींना घराबाहेरही मोठी मागणी आहे. महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, आणि पंचगंगा स्मशानभूमीसाठी शहरातून शेणीदान होते. होळीला तर शेणी जाळण्याऐवजी दान करा, असे आवाहनच केले जाते.

चिपाड चटकन पेटते आणि तितक्याच लवकर संपते. गुऱ्हाळावर रस आटवायला तेच लागते, त्यामुळे घरापर्यंत येते ते थोडेच. पाचट जाळण्यापेक्षा सरीत कुजवणे केव्हाही फायद्याचे.

गोबरगॅसचा हिशोब वेगळा. शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून बंद टाकीत सोडले की हवेवाचून जगणारे जिवाणू ते कुजवतात आणि ५५ ते ६५ टक्के मिथेन असलेला वायू तयार होतो. खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र गावोगाव नेले. ती टाकी गंजते, म्हणून पुढे जमिनीत बांधलेले घुमटाचे ‘दीनबंधू’ संयंत्र (१९८४) अधिक रुळले. एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो ताजे शेण लागते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. तेवढ्यात पाच-सहा माणसांचा स्वयंपाक भागतो.

अंघोळीचे पाणी मात्र त्यात सहज बसत नाही. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण ०.१५ घनमीटर गॅस जातो. पाच माणसांच्या अंघोळीला पाऊण घनमीटर, म्हणजे दिवसभराच्या गॅसचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग. त्यात भर म्हणजे हे जिवाणू ३०-३५ अंशांच्या आसपास जोमात असतात. थंडीत टाकी गारठली की गॅस घटतो, आणि गरम पाण्याची ओढ नेमकी तेव्हाच वाढते. म्हणून ज्याच्या दारात संयंत्र आहे, त्याच्याही न्हाणीत बंब असतो.

तरीही शेण गॅसच्या टाकीत घालणेच शहाणपणाचे. शेणी जाळली की तिच्यातला नत्र हवेत जातो. संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या रबडीत तो शिल्लक राहतो आणि उसाला उपयोगी पडतो. शेणीचा धूर डोळ्यांना व फुप्फुसांना वाईट, विशेषतः धुराडे नसलेल्या न्हाणीत. दार लावून शेगडी पेटती ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

गॅसची शेगडीही सिलिंडरची चालत नाही. दाब कमी असल्याने मोठ्या भोकाचा बर्नर लागतो. नळीत पाणी साचले की ज्योत फडफडते, तेव्हा उताराच्या टोकाला पाणी काढायची तोटी ठेवतात. ज्योत निळी हवी. टाकी साफ करायला आत उतरू नये: रिकामी दिसली तरी तिच्यात श्वास घेण्याजोगी हवा नसते.