परग्रहाचे तापन व वस्तीयोग्यता

एखाद्या ग्रहाचे वातावरण मुद्दाम तापवून तिथे पाणी वाहते करायचे, वनस्पती जगवायच्या आणि पुढे माणसाला राहता येईल अशी स्थिती आणायची, या कल्पनेला टेराफॉर्मिंग म्हणतात. चर्चा बहुतेक मंगळाचीच होते. शुक्राचे गणित उलटे आहे. तिथे हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट आणि तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे तो ग्रह थंड करावा लागेल. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९६१ मध्ये शुक्राच्या ढगांत शैवाल सोडण्याची सूचना केली होती. तिथला खरा दाब आणि ढगांतले आम्ल कळल्यावर ती मागे पडली.

मंगळावर पोचणारे ऊन पृथ्वीच्या साधारण ४३ टक्के. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. तिथल्या हवेत ९५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड आहे. दर चौरस मीटरमागे हिशेब केला तर तो पृथ्वीपेक्षा वीसपटींहून जास्त भरतो. तरीही हरितगृह परिणामाने मंगळाला मिळते ती ऊब जेमतेम ५ अंशांची, पृथ्वीला मिळते ३३ अंशांची. विरळ हवेत हा वायू अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या, किरणांचे अगदी अरुंद पट्टेच शोषतो, आणि पृथ्वीवर उष्णता धरून ठेवण्यात जिचा वाटा सर्वांत मोठा, ती पाण्याची वाफ मंगळावर नावालाच आहे.

दाबाचा प्रश्न : समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांवर असलेल्या सोलापुरात हवेचा दाब सुमारे ९६० मिलीबार असतो. मंगळावर तो सहा. या दाबाला बर्फ वितळला की पाणी लगेच उकळू लागते, त्यामुळे नुसते तापमान शून्याच्या वर नेऊन तळी भरणार नाहीत. माणसाचे म्हणाल तर ६३ मिलीबारच्या खाली शरीराच्या ३७ अंशांनाच पाण्याला उकळी फुटते. तेवढा दाब आला तर दाबसूट उतरवता येईल, श्वासाचा प्रश्न मग निराळा. तापनाची कोणतीही योजना वाचताना आधी पाहावे ते ती दाब किती वाढवते हे.

मंगळावर दाब १ मिलीबारने वाढवायला अंदाजे ३,९०० अब्ज टन वायू लागतो. सारी मानवजात आज जीवाश्म इंधन जाळून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्या गिरण्या, गाड्या आणि वीजकेंद्रे उचलून मंगळावर नेली आणि त्यांना इंधनही पुरवले, तरी एका मिलीबारला शंभरेक वर्षे लागतील. पाणी टिकवण्याइतकी ऊब निव्वळ कार्बन डाय-ऑक्साइडने आणायची तर १,००० मिलीबारच्या आसपास दाब हवा.

म्हणून सगळी आशा मंगळाच्या स्वतःच्या साठ्यावर होती. ध्रुवावरचा गोठलेला वायू थोडा तापवला की उडेल, दाब वाढेल, त्याने आणखी ऊब येईल आणि पुढचे चक्र आपोआप फिरेल, असा हिशेब होता. मॅके, टून आणि कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ही शक्यता तपशिलाने तपासली. पुढे यानांची निरीक्षणे हाती आल्यावर जॅकोस्की आणि एडवर्ड्स यांनी २०१८ मध्ये साठ्याची मोजदाद केली. ध्रुवांवरचे सगळे मोकळे केले तर दाब आजच्या दुप्पट. माती आणि खडकांतले हाती लागण्याजोगे धरूनही सुमारे २० मिलीबार. त्याने तापमान दहा अंशांच्या आतच वाढते. बाकीचा बराच वायू अब्जावधी वर्षांत अवकाशात निसटला आहे. चुंबकीय क्षेत्र नाही म्हणून नवे वातावरण लगेच उडून जाईल, हा समज मात्र खरा नाही. ही गळती इतकी संथ आहे की माणसाच्या हजार-दोन हजार वर्षांत ती जाणवणार नाही. अडते ते मुळात भरायलाच वायू नाही इथे.

कण सोडून तापन : २०२४ मध्ये एका अमेरिकी संशोधक गटाने वेगळी वाट सुचवली. मंगळाच्या मातीतले लोह किंवा अॅल्युमिनियम काढून सुमारे ९ मायक्रोमीटर लांबीच्या काड्या बनवायच्या आणि सेकंदाला ३० लिटर या दराने हवेत सोडत राहायच्या. त्या ऊन खाली येऊ देतात आणि जमिनीतून निघणारी उष्णता अडवतात. तापमान ३० अंशांहून जास्त वाढेल, असे प्रारूप सांगते. यात हरितगृह वायू बनवणारे कारखाने लागत नाहीत, ही जमेची बाजू. पण दाब जवळपास तिथेच राहतो.

हवेत कण सोडून आकाशाकडून हवे ते करून घेणे किती अवघड, याचा अनुभव सोलापूरकडे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा जिल्हा. ढग डोक्यावरून जातात आणि पाऊस पडत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला नवीन नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात मेघबीजनाचा प्रयोग केला. विमान ढगाच्या तळाशी न्यायचे, पंखाखालच्या नळकांड्या पेटवायच्या आणि त्यांतून कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा ओढणारे कण ढगात वर चढू द्यायचे, अशी रीत. कोणत्या ढगात बीज पेरायचे आणि कोणता तसाच सोडायचा हे यादृच्छिक पद्धतीने ठरे, म्हणजे दोन्हींची तुलना करता येई. शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्के वाढल्याचा निष्कर्ष निघाला. मात्र ढग मुळात असावा लागतो, आणि तोही पुरेसा खोल. कोरड्या आभाळातून बीजन पाऊस काढू शकत नाही. मंगळाच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. पुरेसा वायू नाही, आणि तुलनेसाठी कण न सोडलेला दुसरा मंगळही नाही. चूक झाली तर ती कळणार कशी, याचे उत्तर या योजनांत मला सर्वांत कमी सापडते.

छोट्या प्रमाणावर : वर्ड्‌सवर्थ, कर्बर आणि कॉकेल यांची २०१९ची सूचना त्यामुळे अधिक पटते. सिलिका एरोजेल या अतिशय हलक्या, सच्छिद्र पदार्थाचा दोन-तीन सेंटिमीटर थर प्रकाश आत घेतो, अतिनील किरण रोखतो आणि खालची जागा सुमारे ५० अंशांनी उबदार ठेवतो. सोलापूरकडे डाळिंबाच्या बागेवर आच्छादन टाकतात, हवा बदलायला जात नाहीत, तसाच हा विचार. दाब इथेही बंदिस्त जागेत वेगळा राखावा लागेल.

प्राणवायूसाठी १९९१च्या अंदाजात वनस्पतींना एक लाख वर्षे दिली होती. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू काढला, एका माणसाला तो साडेतीन तास पुरेल. मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट हे विषारी क्षार आहेत, ते फिनिक्स यानाला २००८ मध्ये आढळले. पिकाआधी माती धुवावी लागेल.

मंगळावर सूक्ष्मजीव आजही तग धरून आहेत का, हे ठरलेले नाही. ग्रह तापवला आणि पृथ्वीचे जीव तिथे पसरले तर तो शोध कायमचा बुडेल. १९६७च्या बाह्य अवकाश कराराचे नववे कलम परग्रहांचे घातक प्रदूषण टाळण्याचे बंधन घालते, आणि भारताने तो करार स्वीकारलेला आहे.