दुखायचं थांबलं, पण जोड धरला का?

खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात खरं, पण खोल उखळ असते ती खुब्याला. खांद्याच्या वाट्याला आली आहे उथळ बशी. तिच्यावर टेकलेला दंडाच्या हाडाचा गोळा घसरू नये म्हणून चार स्नायूंच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे) त्याला पुढून, वरून आणि मागून कवटाळून असतात. हा रोटेटर कफ. त्यातली वरची कंडरा सर्वांत जास्त फाटते.

फाटलेली कंडरा बहुतेक वेळा दुर्बिणीतून पुन्हा हाडाशी शिवतात. हाडात बारीक अँकर, म्हणजे दोरे ओवलेल्या खुंट्या, रोवून त्यांच्या दोऱ्यांनी ती आवळून ठेवतात. दोरा मात्र नुसता धरून ठेवतो. जोडायचं काम शरीराचं. मुळातला जोड विलक्षण असतो. कंडरेची हळूहळू कूर्चा होते, त्या कूर्चेत कॅल्शियम साठत जातं आणि मग हाड सुरू होतं. कडकपणा असा पायरीपायरीने चढत गेल्यामुळे ताण एका रेघेवर येत नाही. शस्त्रक्रियेनंतर या पायऱ्या पुन्हा तशाच बनत नाहीत. तिथे भरतो तो व्रण. आधी सूज, मग कोलॅजन या प्रथिनाचे अस्ताव्यस्त धागे. ते ताणाच्या दिशेने लागायला कित्येक महिने जातात.

दुखण्याला या वेळापत्रकाशी काही देणंघेणं नसतं. पहिल्या दिवशी मानेजवळ दिलेल्या इंजेक्शनने अख्खा हात बधिर असतो आणि माणूस खुशीत असतो; भूल उतरली की रात्र वैऱ्याची. आडवं पडलं की ठणका वाढतो, म्हणून अनेकजण सुरुवातीला अर्धवट बसूनच झोपतात. काही आठवड्यांनी दुखणं बरंच ओसरतं आणि मला विचाराल तर खरी जपायची वेळ तीच. जोड अजून कच्चा असतो, आणि हात सवयीने वरच्या फळीकडे जातो.

म्हणून साधारण ४ ते ६ आठवडे स्लिंग (हाताची झोळी), त्या काळात खांदा हलवायचा तो दुसऱ्याच्या आधाराने, मग स्वतःच्या बळावर, आणि वजनाचे व्यायाम बहुधा ३ महिन्यांनंतर. फाट मोठी असेल तर याहून सावकाश. बोटं, मनगट, कोपर मात्र सहसा पहिल्यापासून हलवतात. तंबाखू-सिगारेट असेल तर जोड धरायला आणखी अडचण.

लंबकाचा व्यायाम सोपा वाटतो आणि तिथेच चूक होते. कमरेत वाकून हात लोंबता सोडायचा आणि झुलवायचं ते अंग. हात आपोआप अंगामागोमाग झुलतो. उत्साहाने हातच गरगर फिरवला की शिवलेला स्नायू कामाला लागतो. झोका लहानच ठेवायचा.