घसरती फळी आणि टायरचे दाणे

नाशिकला पावसाची झड लागली की गंगापूर रोडकडच्या मोकळ्या प्लॉटवर चालणारा कुत्र्यांचा अ‍ॅजिलिटीचा, म्हणजे अडथळ्यांवरून कुत्रं पळवण्याच्या खेळाचा, सराव आठवडा-आठवडा बंद राहायचा. चिखलाचं फारसं काही नव्हतं, कुत्र्यांना तो आवडतोच. भीती कुत्रं जिच्यावरून धावतं त्या फळीची होती. ऑइल पेंट मारलेली फळी ओली झाली की घाटाच्या शेवाळलेल्या पायरीसारखी होते, आणि रामकुंडावर एकदा तरी घसरलेल्या नाशिककराला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. अलीकडे अशा फळ्यांवर रबराचे दाणे चिकटवून घेतात. हा उपाय कुत्र्यांसाठी कुणी शोधलेला नाही. तो दुसरीकडून आला, आणि या खेळातलं बरंच काही तसंच आलेलं आहे.

1978 च्या फेब्रुवारीत लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात क्रफ्ट्स हे श्वानप्रदर्शन भरलं होतं. मुख्य रिंगणात मधल्या वेळात प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून जॉन वार्ली यांनी घोड्यांच्या शो जंपिंगसारखं काहीतरी कुत्र्यांकडून करून घ्यायचं ठरवलं आणि प्रशिक्षक पीटर मीनवेल यांच्याकडून अडथळे रचून घेतले. लोकांना ते इतकं आवडलं की 1980 मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या खेळाला मान्यता दिली. अमेरिकन केनेल क्लबच्या स्पर्धा 1994 मध्ये सुरू झाल्या.

उडीचे दांडे घोड्यांकडून घेता आले, पण घोडा उडी मारून पुन्हा जमिनीवरच येतो. कुत्र्याला मात्र या खेळात फळीवर चढवलं गेलं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांत डॉग वॉकची, म्हणजे चढ-उतार असलेल्या अरुंद पुलाची, फळी जेमतेम 30 सेंटीमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंच असते. ए-फ्रेमचं, म्हणजे दोन उतरत्या फळ्या टेकवून केलेल्या छपरासारख्या अडथळ्याचं, टोक 1.70 मीटरवर. उतारावर शेवटी वेगळ्या रंगाने रंगवलेला पट्टा म्हणजे कॉन्टॅक्ट झोन, त्यात निदान एक पंजा टेकलाच पाहिजे. हा नियम कुत्र्याने उंचावरून उडी टाकू नये म्हणूनच केलेला. पण त्यामुळे वेगात आलेलं कुत्रं नेमकं उतारावर करकचून ब्रेक मारतं. सगळा भार पुढच्या पायांवर, खांद्यांवर. तिथे पकड नसेल तर नियम कितीही चांगला असून उपयोग काय?

सुरुवातीचा उपाय घरगुती होता: रंग ओला असतानाच वरून वाळू भुरभुरायची. सुताराकडून फळी करून घेणारे आपल्याकडेही हेच करत आले. कोरड्यात पकड उत्तम, पण घासपेपरच तो. दहा-बारा फेऱ्यांत पंजाच्या गाद्या सोलवटतात. शिवाय वाळू आधी उतारावरच निघते, म्हणजे जिथे ती सर्वांत जास्त हवी तिथेच टक्कल पडतं. चढ-उतारावर साधारण 25-25 सेंटीमीटरवर आडव्या पट्ट्याही ठोकतात. सी-सॉवर, म्हणजे मध्यावर टेकलेल्या वरखाली होणाऱ्या फळीवर, मात्र पट्ट्या चालत नाहीत, तिथे सगळी भिस्त पृष्ठभागावरच.

इकडे रबराची गोष्ट वेगळ्याच वाटेने चालली होती. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये गंधक घालून रबर तापवलं आणि उन्हात न वितळणारं, थंडीत न तडकणारं रबर हाती आलं. 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन हे चिवट प्लास्टिक तयार केलं. ऑलिंपिकमधले धावपटू 1968 मध्ये मेक्सिकोत पहिल्यांदा पॉलियुरेथेनच्या कृत्रिम ट्रॅकवर धावले. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्यपदक घेतलं तेही अशाच ट्रॅकवर. पुढे जुने टायर दळून केलेले दाणे आणि पॉलियुरेथेनचा बाइंडर, म्हणजे दाणे धरून ठेवणारा चिकट द्रव, ही जोडी मुलांच्या घसरगुंडीखाली आली आणि तिथून कुत्र्यांच्या फळीवर. गंमत म्हणजे टायर या खेळात आधीपासून होताच, उडी मारून आरपार जाण्यासाठी टांगलेला.

काम वरवर सोपं दिसतं. जुना रंग खरवडायचा, धूळ पुसायची, दाणे बाइंडरमध्ये कालवून थापीने पातळ थर द्यायचा. दाण्यांच्या मधल्या फटींत पाणी उतरतं, नखं रुततात, गादी सोलवटत नाही. पण एक घटक असलेला बाइंडर हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. मार्चच्या कोरड्या हवेत तो रेंगाळतो, आणि श्रावणात ओलसर प्लायवर लावला तर फेस येऊन थर फुगतो. त्यामुळे आमच्याकडे दिवाळीनंतरचे दिवस बरे. काळा थर मात्र मी घेऊ नका म्हणेन. एप्रिलच्या दुपारी त्यावर तळहात टेकवून पाहा, मग पंजाचं काय होत असेल ते कळेल.

सी-सॉला थर दिला की आणखी एक भानगड होते. एका बाजूला मूठभर दाणे जास्त पडले तरी फळीचा तोल बदलतो. एफसीआयची कसोटी अशी, की वर असलेल्या टोकाच्या कॉन्टॅक्ट झोनच्या मध्यावर 1 किलो वजन ठेवलं तर ती बाजू 2 ते 3 सेकंदांत खाली यावी. त्यासाठी खास वजन लागत नाही. किराणा दुकानातली साखरेची 1 किलोची पिशवी पुरते, फक्त कुत्र्याला आधी बांधून ठेवायचं.