थायरॉइड व कोलेस्टेरॉलचे रक्त अहवाल : मध्यमवयातील अर्थ

चाळिशी ते साठीच्या दरम्यान केल्या जाणाऱ्या नियमित रक्ततपासणीतील दोन भाग. पहिल्यात अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, काम दाखवणारी टीएसएच, आणि थायरॉइडची संप्रेरके टी४ व टी३, ही मापे असतात; दुसऱ्यात एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल ('वाईट' म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल), एचडीएल ('चांगले' म्हटले जाणारे) आणि ट्रायग्लिसराइड हे रक्तातील मेदाचे आकडे. दोन्ही बहुधा एकाच वेळी काढलेल्या रक्तातून येतात, पण वेगळ्या पानांवर छापले जातात आणि तसेच सुटे सुटे वाचले जातात. थायरॉइड मंदावली की कोलेस्टेरॉल चढते, त्यामुळे पहिले पान बाजूला ठेवून दुसऱ्याचा अर्थ लावला तर तो चुकण्याचा संभव असतो.

अहवालाच्या कडेच्या रकान्यात छापलेली संदर्भ मर्यादा दोन्ही पानांवर सारखीच दिसते, तरी ती दोन वेगळ्या रीतींनी ठरलेली असते. टीएसएचची मर्यादा, दर लिटरला साधारण ०.४ ते ४.० किंवा ४.५ मिलि-एकके, निरोगी माणसांच्या मोजमापांतून काढतात. मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे आत आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर. म्हणजे दर २० धडधाकट माणसांपैकी एकाचा आकडा व्याख्येनेच बाहेर पडतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचीही निदान एक चाचणी ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता ६४ टक्के असते. भल्यामोठ्या तपासणी पॅकेजच्या मोहात पडणाऱ्यांनी हे गणित आधी करून पाहावे.

कोलेस्टेरॉलच्या रकान्यातले आकडे असे काढलेले नाहीत. तसे काढले असते तर बहुसंख्यांचा आकडा 'सामान्य' ठरला असता, आणि हृदयविकार बहुसंख्यांतच होतो. एकूण कोलेस्टेरॉलसाठी दर डेसीलिटरला २०० आणि २४० मिलीग्रॅम या उपचारांच्या निर्णयासाठी आखलेल्या रेषा आहेत, आणि त्या माणसागणिक सरकतात. एलडीएल १३० आले, तर धूम्रपान न करणाऱ्या, रक्तदाब व साखर ठीक असलेल्या पंचेचाळिशीच्या व्यक्तीला डॉक्टर बहुधा गोळी देणार नाहीत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला मात्र तेच १३० फार झाले. त्याचे एलडीएल ७० च्या, आणि २०१९ च्या युरोपीय शिफारशींनुसार ५५ च्या, खाली हवे. छापील रकान्याला हा फरक ठाऊक नसतो.

थायरॉइडचे पान. टीएसएच हा थायरॉइडचा स्राव नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीने, म्हणजे पिट्यूटरीने, थायरॉइडला धाडलेला तो हुकूम आहे. कामगार ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो, तसा थायरॉइड मंद झाली की टीएसएच चढतो. 'आकडा वाढला म्हणजे थायरॉइडचे काम वाढले' हा गैरसमज इथूनच येतो. खरे ते नेमके उलटे. हा मुकादम भलताच हळवा असतो. टी४ थोडे उतरले तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढतो, म्हणून बिघाडाची पहिली खूण त्याच्यातच उमटते. पण आवाज चढण्याला इतरही कारणे असतात. टीएसएच रात्री सर्वाधिक असतो व दुपारकडे उतरतो. नुकतेच मोठे आजारपण झाले असेल, किंवा लिथियम, अमिओडॅरोन, स्टेरॉइड यांसारखी औषधे चालू असतील, तरी तो हलतो. केस व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या तर चाचणीलाच चकवतात. अनेक यंत्रांवर त्यांच्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटे जास्त दिसते, म्हणजे नसलेला अतिथायरॉइड विकार कागदावर उभा राहतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात. मात्रा मोठी असेल तर त्याहून जास्त.

सर्वाधिक घोळ होतो तो ४.५ ते १० या पट्ट्यात. टीएसएच वर, फ्री टी४ (रक्तातील प्रथिनांना न चिकटलेले, मोकळे टी४) मात्र ठीक, अशा स्थितीला सुप्त किंवा सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. यातले बरेच आकडे काही महिन्यांत आपोआप मर्यादेत परततात, म्हणून एका अहवालावर आयुष्यभराची गोळी सुरू करू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. सोबत अँटी-टीपीओ प्रतिपिंडे पाहिली तर पुढचा अंदाज बांधता येतो. ही प्रतिपिंडे हाशिमोटो विकारात, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा थायरॉइडवरच उलटते त्या विकारात, सापडतात. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथील दीर्घ पाहणीत, टीएसएच वाढलेला आणि प्रतिपिंडेही असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे ४ टक्के जणींना उघड विकार, म्हणजे टी४ ही कमी पडलेला, जडला. नुसता टीएसएच वाढलेल्यांत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास होते.

टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर उपचारांकडे कल असतो. त्याखाली मतभेद आहेत, आणि ते प्रामाणिक आहेत. थकवा, वजन वाढणे, बद्धकोष्ठ, झोप बिघडणे, विसराळूपणा ही लक्षणे मंद थायरॉइडची, तशीच रजोनिवृत्तीच्या काळाची, अपुऱ्या झोपेची आणि नैराश्याचीही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ वर्षे व त्यावरील वयाच्या, सुप्त विकार असलेल्या ७३७ जणांपैकी निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन (टी४ ची गोळी) आणि निम्म्यांना औषध नसलेली दिखाऊ गोळी दिली. थायरॉइडच्या लक्षणांत व थकव्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. पन्नाशीतल्या माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, पण 'गोळी घेतली की मरगळ जाईल' या आशेला त्याने लगाम बसतो. गर्भधारणा असेल किंवा तिचा विचार असेल, तर निकष वेगळे आणि कडक असतात. उलट बाजूला टीएसएच ०.१ च्या खाली राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा व हाडे विरळ होण्याचा धोका वाढतो. गोळीची मात्रा जास्त झाली तरी हेच घडते.

दोन पानांचा धागा. एलडीएलचे कण रक्तातून उचलण्याचे काम मुख्यतः यकृताच्या पेशींवरील ग्राही (कण पकडणारी प्रथिने) करतात. त्यांच्या शोधासाठी मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थायरॉइडचे संप्रेरक या ग्राहींची संख्या वाढवते आणि कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतरही वेगाने करवते. संप्रेरक कमी पडले की उचल मंदावते आणि एलडीएल रक्तात साचते. संप्रेरके थेट मोजता येत नव्हती त्या काळात वाढलेले कोलेस्टेरॉल हाच मंद थायरॉइडच्या निदानाचा एक आधार मानला जाई. म्हणून एलडीएल नव्याने वाढलेले दिसले, की स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू करण्याआधी टीएसएच पाहण्याचा प्रघात आहे. त्याला दुसरेही कारण आहे : उपचार न झालेल्या मंद थायरॉइडमध्ये स्टॅटिनमुळे स्नायूंना इजा होण्याचा धोका जास्त असतो. उघड विकारात थायरॉइडची गोळी लागू पडली की काही महिन्यांत एलडीएल बरेच उतरते आणि कधी कधी स्टॅटिनची गरजच उरत नाही. पण टीएसएच ५.२ आणि एलडीएल १८० असेल, तर सगळा दोष थायरॉइडच्या माथी मारणे चूक. एवढ्याशा वाढीने एलडीएल फारसे हलत नाही.

स्त्रियांत याच वयात आणखी एक गोष्ट घडते. इस्ट्रोजेनही यकृतातील हेच ग्राही टिकवून धरते, त्यामुळे शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षभरात एलडीएल झपाट्याने वर जाते. आहार तोच, चालणे तेच, तरी आकडा चढला म्हणून स्वतःला बोल लावणाऱ्या अनेकींना हे कोणी सांगितलेले नसते. मंद थायरॉइडही याच वयाच्या स्त्रियांत जास्त आढळते, म्हणून दोन्ही कारणे एकाच अहवालात गुंतलेली असू शकतात.

मेदाचे पान. अहवालातील एलडीएल पुष्कळदा मोजलेले नसते. ते १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढलेले असते : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. एकूण २२८, एचडीएल ४६ आणि ट्रायग्लिसराइड २१० असेल तर एलडीएल १४० येते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे सूत्र कोलमडते. अशा वेळी एकूणातून नुसते एचडीएल वजा करून मिळणारे नॉन-एचडीएल, वरच्या उदाहरणात १८२, जास्त भरवशाचे. त्याचे लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. हा आकडा अनेक अहवालांत छापलेलाच नसतो, पण एका वजाबाकीत मिळतो. अनशापोटी रक्त देण्याचा आग्रह आता सैल झाला आहे. जेवणाने एलडीएल फारसे बदलत नाही, ट्रायग्लिसराइड मात्र चढते, आणि ते ४०० च्या वर आले तर उपाशीपोटी पुन्हा तपासतात. ५०० च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची चिंता सुरू होते.

एचडीएलला 'चांगले' म्हणण्याची सवय लागली आहे, पण ते औषधाने वाढवून हृदय वाचवता आलेले नाही. टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढले, मृत्यूही वाढले, आणि २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली. एचडीएल ७० आहे म्हणून एलडीएल १७० कडे काणाडोळा करता येत नाही. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या कौटुंबिक, म्हणजे आनुवंशिक, दोषाचा विचार करावा लागतो. सुमारे २५० जणांत एकाला तो असतो, आणि सापडला तर भावंडांची व मुलांचीही तपासणी करतात. लिपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच एक मेदकण. त्याचे प्रमाण बहुतांशी जन्मजात ठरलेले असल्याने आयुष्यात एकदा मोजले तरी पुरते.

यापुढचा प्रश्न जोखमीचा. स्कोर-२ सारखी गणिते ४० ते ६९ वयोगटासाठी पुढील १० वर्षांतला हृदयविकार व पक्षाघाताचा धोका सांगतात, पण त्यांत वयाचे पारडे इतके जड असते की पंचेचाळिशीत एलडीएल १६५ असूनही धोका कमी दिसतो. धमन्यांत मेद साचतो तो पातळी आणि वर्षे यांच्या गुणाकाराने, त्यामुळे काही नवी गणिते ३० वर्षांचाही अंदाज देतात.

दोन अहवालांची तुलना करताना एकके आधी पाहावीत. मिलीमोलमधले कोलेस्टेरॉल ३८.७ ने गुणले की मिलीग्रॅममध्ये येते, ट्रायग्लिसराइडसाठी मात्र ८८.६ ने गुणावे लागते. शक्यतो तीच प्रयोगशाळा आणि दिवसाची तीच वेळ ठेवावी. कोलेस्टेरॉल कोणत्याही कारणाविना ५-६ टक्के इकडेतिकडे होते, ट्रायग्लिसराइड त्याहून कितीतरी जास्त. २०४ वरून १९६ होणे ही सुधारणा नव्हे. लेव्होथायरॉक्सिनची मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात, कारण टी४ रक्तातून निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. तपासणीच्या सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यावी, नाहीतर फ्री टी४ काही तास फुगलेले दिसते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवाव्यात.