पंक्तिसेवा: मंडळीनेच मंडळीला सांभाळण्याची जुनी रीत

स्तेफनाचं नाव काढलं की आपल्याला धोंडमार आठवतो. पहिला रक्तसाक्षी, मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करत प्राण सोडणारा. त्याआधी त्याच्यावर सोपवलेलं काम मात्र उपदेशात क्वचितच ऐकू येतं. त्याला निवडलं होतं अन्नाच्या वाटपावर. यरुशलेमच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या पहिल्या ख्रिस्ती समुदायात, रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. कुरकुर प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांच्या, कानावर गेली. त्यांनी ती दाबली नाही, तुमच्यातूनच सात जण निवडा म्हणून मंडळीला सांगितलं. 'प्रेषितांची कृत्ये'च्या सहाव्या अध्यायात ती सातही नावं आहेत आणि सातही ग्रीक आहेत. ज्यांच्या बायाबापड्या वगळल्या जात होत्या, वाटप त्यांच्याच हाती दिलं गेलं असावं. मराठी बायबलमध्ये या कामासाठी 'पंक्तिसेवा' हा शब्द आला आहे, आणि मला तो मूळ अर्थाच्या फार जवळचा वाटतो.

आज चर्चमधली साधी माणसं आजाऱ्याजवळ बसतात, शोक झालेल्या घरी महिनोन्‌महिने जात राहतात, नोकरी गेलेल्याचं ऐकून घेतात. त्यांना ना दीक्षा असते, ना पगार. प्रोटेस्टंट त्यांना सभासद म्हणतात, वसईचे कॅथलिक प्रापंचिक म्हणतात. त्यांच्या सेवेचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कुणीतरी नजरेतून सुटलेलं असतं, आणि ते पाळकाच्या किंवा फादरांच्या आधी शेजारच्याला दिसतं.

सुरुवातीच्या शतकांत हे काम मंडळीच्या पोटातच होतं. सुमारे १५५ साली हुतात्मा जस्टिनने रोममधल्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. सभेला येऊ न शकलेल्यांकडे डीकन, म्हणजे मंडळीचे नेमलेले सेवक, प्रभुभोजनाचा (येशूच्या स्मरणार्थ घेतल्या जाणाऱ्या भाकरी-द्राक्षारसाचा) वाटा घेऊन जात, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची सोय होई. पुढे शंभरेक वर्षांनी रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद देतो: ४६ वडील (म्हणजे मंडळीचे याजक), ७ डीकन, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व गरजू दीड हजारांहून अधिक. त्याच सुमारास अलेक्झांड्रियात साथ आली. तिथला बिशप डायोनिसियस लिहितो, की आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता वडील गेले, डीकन गेले आणि साधे प्रापंचिकही गेले. तिघांची नावं तो एका दमात घेतो.

नंतर डीकनपद ही याजक होण्याआधीची पायरी झाली आणि शुश्रूषा मठांकडे गेली. प्रापंचिक पुन्हा पुढे आले ते मध्ययुगातल्या बंधुसंघांतून. त्यातला आपल्या ओळखीचा संघ म्हणजे मिझरिकॉर्दिया. १४९८ साली लिस्बनमध्ये राणी लिओनोरच्या आश्रयाने तो स्थापन झाला. भुकेल्याला अन्न देण्यापासून मृताला मूठमाती देण्यापर्यंतची सात शारीरिक दयाकृत्यं आणि सात आध्यात्मिक, अशी चौदा कृत्यं हे त्याचं व्रत. पोर्तुगिजांबरोबर हा संघ १६व्या शतकात गोव्यात आला, वसईतही आला. अनाथ मुलींचे हुंडे, कैद्यांचं अन्न, बेवारस प्रेतांचं दफन ही कामं प्रापंचिकांनी केली. पण सभासदत्व वजनदारांकडे राहिलं. गोव्यातल्या गावोगावच्या कॉन्फ्रारियांमध्येही (चर्चशी जोडलेल्या बंधुसंघांमध्येही) जातीच्या भिंती तशाच उभ्या राहिल्या. पंक्तिप्रपंच मोडायला उभी राहिलेली सेवा स्वतःच पंक्तिप्रपंच करू लागली, हे दुखतं, आणि ते झाकून हा इतिहास सांगता येणार नाही.

या साऱ्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची गोष्ट, कारण ती कर्जापासून सुरू होते. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याच्या मंडळीने तिथे सभागृह बांधलं होतं आणि त्याचं देणं फिटत नव्हतं. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी त्यावर बोलायला माणसं जमली. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचवलं, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेवढीही जड जाईल, असं कुणीतरी म्हणालं. फॉयचं उत्तर असं, की अकरा सगळ्यात गरीब माणसं माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि ज्यांना जमणार नाही त्यांची पेनी मीच भरेन. इतरांनीही तशीच जबाबदारी घेतली. अशी बारा-बारा जणांची 'क्लास' तयार झाली.

पेनी गोळा करायला घरात शिरलेल्यांना भलतंच काही दिसू लागलं. कुणी दारूकडे वळला होता, कुठे नवराबायकोत धुसफूस होती. हे वेस्लीच्या कानावर आलं तेव्हा त्याने ओळखलं, की आपण जे इतके दिवस शोधत होतो ते हेच. कर्जवसुलीची यादी विचारपुशीची यादी झाली. पण घरोघर जाण्यात अडचणी होत्या. बरेच जण मोलकरणी आणि नोकर होते, आणि त्यांना भेटायला आलेलं मालकांना खपत नसे. दोघांत बिनसलं असेल तर दोघं समोरासमोर असल्याशिवाय तिढा सुटत नसे. म्हणून साऱ्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं ठरलं.

लंडनमध्ये वेस्लीने आजाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था लावली. शहराचे २३ भाग पाडले, ४६ माणसं निवडली आणि प्रत्येक भागात दोघं नेमली. आपल्या भागातल्या प्रत्येक आजाऱ्याकडे त्यांनी आठवड्यातून तीनदा जायचं होतं. त्यांना नियम होते: मोकळेपणाने बोला, मायेने आणि धीराने वागा, स्वच्छता पाळा आणि किळस बाळगू नका. हा शेवटचा नियम लिहिणाऱ्याने आजाऱ्याची खोली आतून पाहिली होती, हे जाणवतं. आपण पहिल्या मंडळीतलं डीकनांचंच काम परत आणतो आहोत, याची वेस्लीला जाण होती. पंक्तिसेवा पुन्हा सामान्य सभासदांच्या हाती आली होती.

क्लासची ही रीत मुंबईत पोचली १८७१च्या अखेरीस. अमेरिकी मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर आला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं राबलेला जॉर्ज बोवेन त्याला येऊन मिळाला, आणि शहरातल्या घरांमध्ये अशा छोट्या सभा भरू लागल्या.

कॅथलिक बाजूला १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी संत विन्सेंट दी पॉल संस्था सुरू केली. आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्याने हाहाकार माजवला होता. गरिबांच्या घरी कसं जायचं, हे त्यांना सिस्टर रोझली रांदू यांनी शिकवलं. मदत घरी जाऊनच द्यायची, हा या संस्थेचा कणा आहे.

१९६५ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र लेखच जाहीर केला. पुढच्या दहाच वर्षांत अमेरिकेत, सेंट लुइसमध्ये, केनेथ हॉक या पाळकाला आपल्या मंडळीतल्या दुखावलेल्या माणसांपुढे आपण एकटे पुरणार नाही हे कळून चुकलं. हॉक मानसशास्त्रज्ञही होता. १९७५ साली त्याने मंडळीतल्याच नऊ जणांना शिकवून तयार केलं आणि नाव दिलं स्टीफन मिनिस्ट्री. पंक्तीत वाढणारा स्तेफन इथे परत आला. यात ५० तासांचं शिक्षण असतं, आणि एका सेवकाकडे सहसा एकच माणूस, पुरुषाकडे पुरुष आणि स्त्रीकडे स्त्री. सल्ला देण्याची घाई करायची नाही, ऐकायचं. ऐकलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. सेवक ठरलेल्या दिवशी एकमेकांत बसून आपल्या अडचणी बोलतात, पण ज्याची सेवा करतात त्याचं नाव तिथेही घेत नाहीत.

मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांतात १९८०च्या दशकात छोटे ख्रिस्ती समूह रुजू लागले. पॅरिशमधल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या) दोन-चार इमारती किंवा एखादी वाडी मिळून एक समूह, आणि त्यातलेच काही जण पुढाकार घेणारे. वसईचा धर्मप्रांत १९९८ साली वेगळा झाला, तिथेही ही पद्धत चालत आली. आजारी कोण, नवं बिऱ्हाड कुणाचं, भांडण कुठे, हे फादरांना बहुतेक वेळा याच समूहातून कळतं.

मात्र सेंट लुइसहून घेण्यासारखी एक गोष्ट आपण अजून घेतलेली नाही: ऐकलेलं बाहेर जाऊ न देणं. आपल्या मंडळ्यांत निम्मी माणसं एकमेकांची सोयरी असतात. नवऱ्याच्या दारूबद्दल एखादी बाई विश्वासाने बोलते आणि पुढच्या रविवारी तिचं दुःख प्रार्थनेची विनंती म्हणून सगळ्यांसमोर वाचलं जातं. वाचणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्यानंतर ती बाई कुणाजवळ बोलत नाही, आणि कधी कधी चर्चमध्ये येणंही थांबवते.