झीरोइंग : शिकारी बंदुकीचा नेम जुळवणे

शिकारी रायफलची दृष्टिरेषा आणि तिच्या गोळीचा मार्ग ठरावीक अंतरावर एका बिंदूत आणण्याच्या कामाला झीरोइंग किंवा नेम जुळवणे म्हणतात. डोळ्याने जिथे रोखले तिथेच गोळी लागावी एवढीच अपेक्षा असते, पण ती आपोआप पुरी होत नाही. रायफल कारखान्यातून नवी आलेली असो, तिच्यावर नुकतीच दुर्बीण बसवलेली असो, काडतूस बदललेले असो की प्रवासात पेटी आपटलेली असो, कागदावर गोळ्या मारून खात्री करून घ्यावीच लागते. कागदावर नेम चुकला तर कोणाचे काही बिघडत नाही. जनावरावर मारलेली गोळी वीतभर सरकली, तर ती हृदय-फुप्फुसाऐवजी पोटात किंवा पायात घुसते आणि ते जनावर तासन्‌तास रक्त गाळत हिंडते. म्हणून शिकारीच्या तयारीत हे काम ऐच्छिक मानता येत नाही.

‘शिस्त’ या शब्दाचा मराठीतला एक जुना अर्थ नेम असाच आहे. शिस्त धरणे म्हणजे बंदूक रोखणे. नळीच्या पुढच्या टोकावरच्या बारीक खुंटीला माशी म्हणतात. नेमबाजांच्या रोजच्या बोलण्यात मात्र झीरो, ग्रुप, क्लिक हेच शब्द रुळले आहेत आणि पुढे तेच वापरले आहेत.

दोन रेषांची गाठ

नळीतून सुटलेली गोळी सरळ रेषेत जाते, हा समज पहिल्यांदा सोडावा लागतो. नळीचे तोंड सोडल्या क्षणापासून ती खाली पडू लागते. नजर मात्र सरळ जाते आणि तीही नळीच्या वरून. दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापासून साधारण चार-पाच सेंटीमीटर उंच असतो. दृष्टिरेषा आणि गोळी यांची गाठ पडायची तर नळी दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर उचललेली असावी लागते. हा कोन इतका लहान असतो की बंदूक हातात घेऊन तो दिसत नाही. गोळी दृष्टिरेषेच्या खालून निघते, जवळच कुठेतरी तिला छेदून वर जाते आणि पुढे उतरताना पुन्हा छेदते. या दुसऱ्या छेदाच्या अंतराला त्या रायफलचा झीरो म्हणतात.

उदाहरणार्थ, सेकंदाला सुमारे 850 मीटर वेगाने निघणारी गोळी 100 मीटरवर झीरो केली, तर 25 मीटरवर ती नेमाच्या सुमारे दीड सेंटीमीटर खाली लागते आणि 200 मीटरवर दहा-बारा सेंटीमीटर खाली. या झीरोत दोन छेदांच्या मध्ये गोळी दृष्टिरेषेच्या वर जेमतेमच जाते. तेव्हा 25 मीटरवर गोळी नेमक्या मध्यावर लागते म्हणून खूश झालेला माणूस 100 मीटरवर काही सेंटीमीटर वर मारत असतो. जवळच्या अंतरावर फक्त सुरुवात करायची असते. खरा झीरो ज्या अंतराचा हवा, त्या अंतरावरच गोळी मारून पाहायचा.

खाच आणि माशी

उघड्या साइटमध्ये, म्हणजे दुर्बिणीशिवायच्या नेमाच्या साधनात, डोळ्याजवळ खाच असते आणि टोकाला माशी. नियम असा की मागची खाच गोळीला जिकडे न्यायचे तिकडे सरकवायची, पुढची माशी त्याच्या उलट. गोळी डावीकडे लागते आहे तर खाच उजवीकडे, किंवा माशी डावीकडे. गोळी खाली लागते आहे तर खाच वर, किंवा माशी खाली म्हणजे थोडी घासून कमी. घासलेली माशी परत उंच होत नाही, तेव्हा कानस दोनदा विचार करून हातात घ्यावी.

किती सरकवायचे हे त्रैराशिकाने निघते. खाच आणि माशी यांच्यातले अंतर 500 मिलीमीटर आहे आणि 50 मीटरवर गोळी 10 सेंटीमीटर डावीकडे लागते आहे असे धरा. 500 ला 100 ने गुणून 50,000 ने भागले की उत्तर येते एक मिलीमीटर. नखाच्या जाडीहून थोडेसेच जास्त एवढे सरकणे निशाणावर तळहाताएवढे होते. माशी हातोडीने ठोकून ‘जरा इकडे, जरा तिकडे’ करण्याची सवय का घातक, ते या आकड्यातच आहे. ठोकायचीच असेल तर पितळी दांडा मध्ये धरावा आणि आधीच्या जागी पेन्सिलीने किंवा सुईने बारीक खूण करून ठेवावी.

दुर्बीण आणि तिचे क्लिक

बंदुकीवर दुर्बीण बसवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यशस्वी होऊ लागले. पण सुरुवातीच्या बऱ्याच दुर्बिणींत नेम जुळवण्यासाठी अख्खी नळकांडी बाहेरच्या स्क्रूंनी हलवावी लागे. 1930 मध्ये अमेरिकेत विल्यम वीव्हरने आणलेली स्वस्त दुर्बीण या दृष्टीने महत्त्वाची, कारण तिची जुळणी आतल्या आत होत असे. आज वरची फिरकी उंचीसाठी आणि बाजूची आडव्या सरकण्यासाठी असते. फिरवताना बोटांना प्रत्येक टिचकी जाणवते, तोच क्लिक.

क्लिकचे माप दोन पद्धतींनी दिलेले असते. एका पद्धतीत एकक मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. 100 मीटरवर तो 2.9 सेंटीमीटर भरतो आणि पाव मिनिटाचा एक क्लिक सुमारे 7 मिलीमीटर. दुसऱ्या पद्धतीत मिलिरेडियन. त्याचा दहावा भाग 100 मीटरवर बरोबर एक सेंटीमीटर. मीटरमध्ये मोजणाऱ्याला ही दुसरी पद्धत सरळ पडते. कोणतीही असली तरी ती कोनाची मापे आहेत, लांबीची नव्हेत. 100 मीटरवर एक सेंटीमीटर सरकवणारा क्लिक 25 मीटरवर फक्त अडीच मिलीमीटर सरकवतो. हे विसरून जवळच्या निशाणावर चौपटीऐवजी एकपट क्लिक फिरवणारे आणि मग दुर्बिणीला दोष देणारे पुष्कळ असतात.

आणखी एक गोंधळ फिरकीवरच्या बाणाचा. बाण गोळी कुठे सरकेल ते सांगतो, दुर्बिणीत दिसणारी नेमाची फुली कुठे सरकेल ते नाही. गोळी वर न्यायची म्हणून ‘वर’ फिरवले, की स्थिर ठेवलेल्या रायफलमधून फुली खाली उतरलेली दिसते. ते बरोबरच आहे. फुली खाली आल्यावर तिला निशाणावर आणायला नळी वर उचलावी लागते आणि गोळी वर जाते.

प्रत्यक्ष काम

पहिली गोळी मारण्याआधी स्क्रू पाहावेत. दुर्बिणीची बैठक, कड्या आणि दस्ता धरून ठेवणारे स्क्रू यांतला एक जरी सैल असला तरी पुढचा सगळा दारूगोळा वाया जातो. झीरो ‘टिकत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघते. ते पाना घेऊन, उत्पादकाने सांगितलेल्या ताकदीनेच आवळावेत. जास्त आवळले तर दुर्बिणीची नळी चेपते. फुली उभी सरळ आहे का तेही तेव्हाच पाहावे. ती कललेली असेल तर उंचीचे क्लिक फिरवल्यावर गोळी थोडी आडवीही सरकते.

बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे काढून घेता येणाऱ्या रायफलमध्ये नळीतूनच पाहता येते. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवायची, मागून नळीतून पाहत 25 मीटरवरचे काळे वर्तुळ नळीच्या गोलात मधोमध आणायचे आणि रायफलला धक्का न लावता फुली त्याच वर्तुळावर आणायची. एवढ्याने गोळी निदान कागदावर पडते. न पेक्षा पहिल्या गोळ्या कागदाबाहेर जातात आणि कुठल्या बाजूला गेल्या याचा पत्ता लागत नाही.

मग बसून, टेबलावरून गोळ्या माराव्यात. पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली असावी, नळीखाली कधीच नाही. नळीला आधार लागला की तिची थरथर बदलते आणि गोळी वेगळीकडे जाते. टणक लाकडावर किंवा दगडावर टेकवलेली रायफलही उसळून वर मारते. या कामात नेमबाजाचे कौशल्य तपासायचे नसते, बंदुकीची सवय ओळखायची असते. म्हणून शिकारीतल्यासारखे उभे राहून झीरो करणे हा वेळेचा आणि काडतुसांचा अपव्यय आहे.

एका गोळीवरून काही ठरवू नये. तीन, शक्य तर पाच गोळ्या त्याच नेमाने मारायच्या आणि त्या भोकांच्या घोळक्याचा मध्य काढायचा. हा घोळका म्हणजे ग्रुप. एक भोक वर, एक खाली, एक उजवीकडे असे विखुरलेले असेल तर फिरकीला हात लावण्यात अर्थ नाही. आधी विखुरण्याचे कारण शोधायला हवे : सैल स्क्रू, न मानवणारे काडतूस, की चाप ओढताना दचकणारा खांदा. प्रत्येक गोळीमागे धावत क्लिक फिरवणारा माणूस दिवसभर झीरोभोवती फिरत राहतो.

समजा 100 मीटरवर तीन भोके सुपारीएवढ्या जागेत पडली आहेत आणि त्यांचा मध्य निशाणाच्या 6 सेंटीमीटर खाली, 4 सेंटीमीटर उजवीकडे आहे. हा ग्रुप चांगला आहे, फक्त चुकीच्या जागी आहे. सेंटीमीटरच्या क्लिकची दुर्बीण असेल तर सहा वर, चार डावीकडे. पाव मिनिटाची असेल तर आठ वर आणि पाच किंवा सहा डावीकडे. कागदावर तारीख, काडतूस आणि फिरवलेले क्लिक लिहून पुन्हा तीन गोळ्या माराव्यात. मधल्या वेळेत बोल्ट उघडा ठेवून नळी निवू द्यावी, कारण तापलेल्या नळीचा, विशेषतः शिकारी रायफलच्या बारीक नळीचा, ग्रुप सरकू शकतो. शिकारीत पहिली गोळी नेहमी थंड नळीतून जाते. त्यामुळे शेवटचा दाखला दुसऱ्या दिवशी सकाळी थंड नळीतून मारलेल्या एका गोळीचा घ्यावा. साफ करून तेल लावलेल्या नळीतली पहिली गोळी पुष्कळदा वेगळी लागते. ती मोजू नये.

कानांवर संरक्षण आणि डोळ्यांवर चश्मा हे गृहीतच आहे. रायफलच्या आवाजाची कमाल 140 डेसिबलच्या वर जाते आणि गेलेले ऐकणे परत येत नाही. मागे गोळी अडवणारा मातीचा बांध असावा. निशाणाकडे कोणी जात असताना बंदूक रिकामी, बोल्ट उघडा आणि बंदुकीला कोणाचाही हात नाही, असे असले पाहिजे.

अंतर कोणते निवडावे

स्पर्धेतला नेमबाज ज्या अंतरावर स्पर्धा त्या अंतरावर झीरो करतो. शिकाऱ्याला अंतर आधी माहीत नसते. त्याने जनावराच्या मर्मभागापासून विचार करावा. तो 15 सेंटीमीटर व्यासाचा धरला, तर गोळी दृष्टिरेषेच्या साडेसात सेंटीमीटर वर किंवा खाली जाईपर्यंत मधोमध रोखून चालते. जर्मन भाषक प्रदेशांत याहून काटेकोर संकेत आहे : वाटेत गोळी दृष्टिरेषेच्या 4 सेंटीमीटरपेक्षा वर जाऊ नये असा झीरो सर्वांत सोयीचा मानतात आणि ते अंतर काडतुसांच्या खोक्यावर छापलेले असते. सरावाची रेंज 100 मीटरचीच असली तरी तिथे गोळी सुमारे 4 सेंटीमीटर वर लागेल असे जुळवले की काम होते. दाट जंगलात, जिथे जनावर पन्नास-साठ मीटरवरच दिसते, तिथे साधा 100 मीटरचा झीरो जास्त शहाणपणाचा. फिनलंडमध्ये मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी द्याव्या लागणाऱ्या नेमबाजीच्या परीक्षेत 75 मीटरवरून चार गोळ्या 23 सेंटीमीटरच्या वर्तुळात बसवाव्या लागतात.

काडतूस बदलले की झीरो संपला. 150 ग्रेनऐवजी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) 180 ग्रेनची गोळी घेतली तर ती वेगळी पडतेच, पण त्याच वजनाची दुसऱ्या कंपनीची गोळीही कधीकधी आडवी सरकते. हवेच्या तापमानाने दारूच्या जळण्यात आणि गोळीच्या वेगात थोडा फरक पडतो. तीव्र चढावर किंवा उतारावर मारताना, दोन्ही वेळा, गोळी अपेक्षेपेक्षा वर लागते.

दुनळी आणि छर्रे

दुनळी रायफलमध्ये दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी आणण्याचे काम कारागीर करतो. नळ्यांच्या टोकांमधली पाचर सरकवायची, डाख वितळवून पुन्हा जोडायचा, गोळ्या मारून पाहायच्या, पुन्हा सरकवायची. हे ठरलेल्या एकाच काडतुसासाठी केलेले असते आणि दुसरे काडतूस वापरले की दोन्ही नळ्या फुटीर होतात.

छर्ऱ्याच्या बंदुकीत मागची साइट म्हणजे नेमबाजाचा डोळाच. दस्ता गालाला किती उंच लागतो यावर सगळे अवलंबून, म्हणून तिथे जुळणी दस्त्याची करतात. 40 यार्डांवर मोठा कागद लावून छर्ऱ्यांच्या दाट भागाभोवती 30 इंचांचे वर्तुळ काढून भोके मोजतात. वर्तुळ नेमाच्या फार वर किंवा बाजूला आले, तर दस्त्याची गालाकडची कड तासून किंवा उंचावून पाहतात. याच बंदुकीतून एकच मोठी गोळी, म्हणजे स्लग, मारायची असेल, तर तिला रायफलसारखाच, सहसा 50 मीटरच्या आसपास, झीरो करावा लागतो.